उत्तरदाती क्रमांक चार

कॉलेजच्या फाटकासमोर माझं मशीन आहे,
अयेदुआसेच्या उतरणीवर, केंकीवालीला लागून.
एका पानाला तीस पेसेवा,
पाठपोट घेतलं तर पन्नास.
एकवीस वर्षं मुलं प्रश्न घेऊन येतायत.
उत्तर घेऊन कुणी येत नाही.
उत्तराची प्रत कोण काढून ठेवतं?

झाकण मिटलं की फटीतून हिरवा उजेड सरकतो,
डावीकडून उजवीकडे,
तेवढ्यात मी वाचून घेते.
पाचवीत शाळा सुटली, तरी अक्षरांशी
तोंडओळख ठेवलीय.

पदार्थविज्ञान:
चेंडू सरळ वर फेकला. हवेचा विरोध नाही असे माना.
मानलं बाई.
पण डिसेंबरात हरमट्टान सुटतो ना,
तेव्हा साधा कागद हातात ठरत नाही.
वाळवंटाची धूळ इथवर येऊन काचेवर बसते
आणि प्रत्येक प्रतीवर तोच एक काळा ठिपका.
एकदा अख्ख्या वर्गाने तो दशांशचिन्ह समजून
उत्तर दहापटीने चुकवलं.
मी कुणाला बोलले नाही.

अर्थशास्त्र:
भाव वाढला की मागणी घटते, सोदाहरण स्पष्ट करा.
परीक्षेच्या आदल्या रात्री या म्हणावं.
वीज गेलेली, जनरेटर धडधडतोय,
पानाला एक सेदी सांगितला
तरी रांग पार टायरवाल्यापर्यंत.

तत्त्वज्ञान:
जहाजाची एकेक फळी बदलत गेली,
शेवटी जहाज तेच राहिले काय?
ह्या मशीनचा ड्रम मी तीनदा बदलला,
रोलर, पट्टे, झाकण, परवा काचसुद्धा.
कर्ज मात्र अजून पहिल्याच मशीनचं फेडतेय.
तेवढ्यावर ओळख पटत असेल तर लिहा: तेच.

कायद्यात एक खटला असतो,
बकरी दोघांची, खड्डा तिसऱ्याचा.
दर वर्षी येतो. बकरी दर वर्षी पडते.

येबोआ नावाचा एक मुलगा
संभाव्यतेचं पान काचेवरच विसरून गेला.
पिशवीत पाच लाल गोट्या, तीन पांढऱ्या,
न बघता दोन काढल्या.
खाली पेन्सिलीने एवढंच:
समजा, पहिली लाल.
परत आला नाही.
फी अडली असं केंकीवाली म्हणाली,
कुणी म्हणालं ताकोरादीला बंदरावर लागला.
पान टोनरच्या खोक्यात आहे.
समजा, पहिली लाल.

सेदिनाम आली ती प्रती काढायला नाही.
समाजशास्त्राचा गृहपाठ होता:
असंघटित क्षेत्रातील पाच व्यक्तींना भेटा.
माझ्याच स्टुलावर बसली, मांडीवर वही.
वय? शिक्षण? घरात खाणारी तोंडं?
हे काम आपण स्वेच्छेने निवडले काय?
होय. नाही. सांगता येत नाही.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा
एका प्रश्नाखाली माझ्यासाठी
रिकाम्या ओळी सोडलेल्या होत्या.
मी म्हटलं, हातावर पोट आहे पोरी,
निवडायला तो हात मोकळा कधी होता?
तिने समजल्यासारखी मान हलवली
आणि तिसऱ्या चौकटीत खूण केली.

गुरुवारी तेच पान घेऊन आली, तीन प्रती हव्यात म्हणाली.
झाकणाखाली मी पालथी.
उजेड गेला माझ्या वयावरून, माझ्या पाचवीवरून,
माझ्या चार तोंडांवरून.
नाव नव्हतं कुठे.
उत्तरदाती क्रमांक चार,
आणि चाराच्या पुढे आमचा ठिपका,
म्हणजे चार पूर्णांक
अजून काहीतरी.

नव्वद पेसेवा, म्हटलं.
मावशी, पान तर तुमचंच आहे, ती म्हणाली.

म्हणून तर, म्हटलं,
काच पुसली नाही.